बारा एप्रिल दोनदा

तर तो म्हातारा शिंपी कॅलेंडर काखेत मारून आमच्या छापखान्याच्या दारात उभा होता, इथवर काल सांगून झालं होतं. तेवढ्यात सूनबाईने जेवायला हाक मारली आणि गोष्ट तिथेच राहिली. बिचारा कालपासून उभाच आहे. आधी त्याला आत घेऊ.

आत आला, चष्मा कपाळावर चढवला आणि धाकट्या मालकांना म्हणाला, "साहेब, आमच्या घरी आज पुन्हा काल आहे."

मी मशीन बंद केलं. शिपाईमामांच्या हातातली चहाची किटली हवेत तशीच राहिली. मागच्या खोलीत ताईचं गोल टेबल फिरत होतं, त्याचाही आवाज थांबला. शिंप्याला वाटलं असेल, आपण काय एवढं बोललो? पण आम्ही सगळे डिसेंबरपासून त्याचीच वाट बघत होतो. म्हणजे अगदी हाच येईल असं नाही. पण असा कोणीतरी एप्रिलच्या तेरा तारखेला सकाळी सकाळी दारात उभा राहणार, हे पक्कं ठाऊक होतं. आणि तो हातातलं कॅलेंडर परत देऊन गेला, की ताईचं टेबल भंगारात जाणार, हेही ठाऊक होतं.

आता ताई कोण आणि ते टेबल कसलं, हे न सांगता पुढे पळालो तर तुम्ही मला बोलाल. म्हणून शिंप्याला स्टुलावर बसवू, मामा त्याला चहा देतील, तोवर सांगून टाकतो.

आमचा छापखाना फाडायच्या कॅलेंडरांचा. भिंतीला टांगायचा जाडजूड गठ्ठा, दिवसाला एक पान, सकाळी उठलं की कालचं पान टर्रकन फाडायचं. ती पानं छापायचं काम माझं. पण छापलेली पानं ओळीने लागली पाहिजेत ना? त्यासाठी लांबलचक टेबलावर एकेका तारखेचा ढीग मांडायचा आणि बायकांनी टेबलाच्या कडेने चालत एकेका ढिगावरून एकेक पान उचलत जायचं. टेबल संपलं की महिना संपला. मग पुढचा महिना. संध्याकाळपर्यंत बायकांच्या पायांचे तुकडे पडायचे.

ताई कामाला आली तेव्हा विशीतली असेल. लहानपणी तिला ताप आला होता आणि तो उतरताना उजव्या पायातली ताकद घेऊन उतरला. पोलिओ. पहिल्या दिवशी ती फेब्रुवारीपर्यंत चालली आणि मग टेबलाला टेकून उभी राहिली. मोठे मालक बघत होते. आम्ही मनात म्हटलं, झालं, आता चहा पाजून निरोप देणार. मालक मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "हिला टेबलाभोवती फिरता येत नसेल, तर टेबल हिच्याभोवती फिरवू."

तसं अगदी तिच्याभोवती नाही, पण समोर फिरवलं. मोडीत काढलेल्या मशीनचा एक दांडा होता, त्यावर सुताराकडून मोठी गोल फळी बसवून घेतली आणि कडेने एकतीस खण पाडले. एका खणात एका तारखेचा ढीग. ताई खुर्चीवर बसायची, डाव्या हाताने फळी सरकवायची, उजव्या हाताने पान उचलायची. एक फेरा, एक महिना. मामा येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "आमची ताई बसल्या जागी वर्ष फिरवते." ताई म्हणायची, "मामा, तुम्ही बसल्या जागी नुसते डोळे फिरवता, त्यापेक्षा बरं."

टेबल तयार झालं त्या दिवशी ती मालकांचे आभार मानायला गेली आणि रडायलाच लागली. मालकांना रडणाऱ्या माणसांची भारी भीती. ते घाईघाईने म्हणाले, "हे बघ, माझे आभार नको मानूस. कॅलेंडरच्या पानावर खाली दोन ओळींची जागा असते, ती नुसती वाया जाते. तिथे मान. रोज कोणाचे ना कोणाचे मान."

ती जागा खरंच वाया जात होती. आधी तिथे आम्ही 'दात घासावेत', 'खोटे बोलू नये' असलं काहीबाही छापायचो. ताईने मालकांचं बोलणं शब्दशः घेतलं. रद्दीत येणारी जाडी पुस्तकं चाळायची, जुनी वर्तमानपत्रं चाळायची, वाचनालयातून काय काय आणायची आणि एकेका तारखेला जगात कधीकाळी काय काय घडलं ते शोधायची. मग त्यातलं असं एकच निवडायची, की ज्यासाठी कोणाचे तरी आभार मानता येतील. लढाई नाही, खून नाही, भूकंप नाही.

आणि गंमत बघा, एकाच तारखेच्या पोटात काय काय दडलेलं असतं! सहा ऑगस्टला जगात पहिल्यांदा शहरावर अणुबॉम्ब पडला. आम्हाला तेवढंच माहीत. ताईने शोधून काढलं, की पेनिसिलिन शोधणारा माणूस कितीतरी आधी त्याच तारखेला जन्मला होता. तिने ते छापलं. पंधरा एप्रिलला ते प्रचंड जहाज बर्फाला धडकून बुडालं. त्याच्या साडेचारशे वर्षं आधी त्याच तारखेला एक थोर चित्रकार जन्मला. तिने चित्रकार घेतला. मी एकदा म्हटलं, "ताई, जहाज टाक की. लोकांना असलं वाचायला आवडतं." तर म्हणाली, "दादा, माणूस तोंड धुवायच्या आधी पान फाडतो. त्याच्या हातात बुडालेलं जहाज कसं द्यायचं?"

मला ते पटलं. तुम्हाला सांगतो, तिच्यामुळे मला सवयच लागली. सकाळी पान फाडलं, की डॉक्टर असो, खिडकीची काच करणारा असो, मी मनातल्या मनात त्याला "बरं झालं बाबा तू होतास" म्हणून मोकळा व्हायचो. गावच्या शाळेत मास्तरांनी छडी घेऊन जेवढा इतिहास शिकवला नाही, तेवढा त्या दोन ओळींनी फुकटात शिकवला.

तिचं सगळ्यात लाडकं पान बारा एप्रिलचं. एकोणीसशे पंचावन्न साली त्या तारखेला जाहीर झालं, की पोलिओची पहिली लस सुरक्षित आहे आणि लागू पडते. ती लस ताईच्या गावापर्यंत वेळेत पोचली नाही. पण ताईचं त्यावर रडगाणं कधी ऐकलं नाही. तिला मुलगी झाली तेव्हा बर्फाची पेटी घेऊन नर्सबाई थेट दारात आल्या आणि बाळाच्या तोंडात थेंब टाकून गेल्या. "ते थेंब म्हणजे त्या लसीची धाकटी बहीण," असं ताई सांगायची. ती पोरगी पुढे अशी काही नाचायची, उड्या मारायची, की खालच्या मजल्यावरची वहिनी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. एकदा भांडायलाच वर आली. "अहो, तुमच्या मुलीला जरा हळू चालायला सांगा!" ताई म्हणाली, "वहिनी, बाकी काय वाट्टेल ते सांगा. एवढं नका सांगू." वहिनी काय समजायचं ते समजली आणि पाणी पिऊन खाली गेली.

वर्षानुवर्षं बारा एप्रिलला आमच्या पानावर लस असायची. मग मोठ्या मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि धाकटे मालक आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. हुशार होता, कष्टाळू होता, फक्त सगळं कसं झटकन आणि चकचकीत पाहिजे. त्या वर्षीची एप्रिलची पानं छापून झाल्यावर त्यांनी बाराचं पान हातात घेतलं आणि ओरडलेच, "इंजेक्शन? बारा एप्रिलला इंजेक्शन?"

ताई म्हणाली, "दरवर्षी असतं, मालक."

"अहो ताई, एकसष्ट साली याच दिवशी पहिला माणूस अंतराळात गेला! पृथ्वीभोवती चक्कर मारून आला! मी लहान होतो तेव्हा बाबा मला गच्चीवर नेऊन दाखवायचे, म्हणायचे, तो बघ, तिकडे वर माणूस जाऊन आला. आणि तुम्ही सुई टोचताय?"

"तो मोठाच माणूस, मी कुठे नाही म्हणते? पण मालक, त्याचे आभार मानायला पुष्कळ जण आहेत."

"लोकांनी पान फाडून वा म्हटलं पाहिजे. इंजेक्शन वाचून कोणी वा म्हणतं का? आई गं म्हणतं!"

आम्ही हसलो. ताई हसली नाही. गप्प बसली आणि ताई गप्प बसली की सगळ्या छापखान्याला ऐकू यायचं. मालकांनी बारा तारखेची नवी पानं छापून घेतली, मीच छापली, आणि शिपाईमामांना म्हणाले, "मामा, हा नवा बाराचा ढीग टेबलावर लावून टाका."

मामा म्हणजे हुकुमाचे ताबेदार. जेवढं सांगितलं तेवढं करणार, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. नवा ढीग लावा म्हणाले, जुना काढा असं कोणी म्हणालं नव्हतं. मामांनी बघितलं, टेबलाला खण एकतीस, एप्रिलचे दिवस तीस, शेवटचा खण मोकळा. त्यांनी तेरापासूनचा एकेक ढीग पुढच्या खणात सरकवला आणि जुन्या बाराच्या शेजारी नवा बारा ठेवला. एरवी एप्रिलमध्ये एक खण रिकामा दिसायचा. त्या दिवशी टेबल कसं भरगच्च, शोभिवंत दिसत होतं. कोणाला संशय येणार?

ताईचं मन थाऱ्यावर नव्हतं. हात आपला सवयीने पान उचलत राहिला. सगळा एप्रिल जुळला, मग पुढचे महिने जुळले, गठ्ठ्यांच्या पाठीला गोंद लागला, वर पत्र्याची पट्टी बसली आणि ताईच्याच नवऱ्याने टेम्पोत भरून सगळी कॅलेंडरं दुकानोदुकानी पोचवली.

दुसऱ्या दिवशी ताई रद्दीच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होती. मी विचारलं, "काय हरवलं?"

"माझे जुने बारा एप्रिल. वाया गेलेच आहेत तर घरी नेते. मुलीला मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायला होतील." मग मामांना हाक मारली, "मामा, टेबलावरून काढलेली पानं कुठे टाकलीत?"

मामा म्हणाले, "काढली कोणी? टेबलावरच होती की."

ताई मटकन खाली बसली. मामांना अजून कळलं नव्हतं, ते आपले आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते.

मी म्हटलं, गप्प राहू, कोणी सांगितलंय? पण ताई उठली, भिंतीचा आधार घेत घेत धाकट्या मालकांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "एप्रिलमध्ये दोन बारा तारखा गेल्यात. पानं मी उचलली. मामांना बोलू नका."

धाकट्या मालकांच्या अंगाचा तिळपापड झाला. कॅलेंडरं परत मागवावीत तर नवं वर्ष दारात आलेलं. पुन्हा छापायला वेळ कुठला? खूप वेळ येरझाऱ्या घातल्या आणि मग म्हणाले, "ठीक आहे. वाट बघू. पण ताई, यातलं एक जरी कॅलेंडर परत आलं ना, तर हे गोल टेबल इथून जाईल. उभ्याने चालत काम करणाऱ्या बायका मला हव्या तेवढ्या मिळतात."

टेबल गेलं म्हणजे ताई गेली, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही.

ते चार महिने कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. घरोघरी भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आणि त्याच्या पोटात एक जादा दिवस लपलेला. लोक रोज एकेक पान फाडत त्याच्या जवळ जवळ चाललेले. मला तर दुकानात, न्हाव्याकडे, कुठेही आमचं कॅलेंडर दिसलं की बारा एप्रिलला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायची सवयच लागली. ताई मात्र रोज वेळेवर यायची, स्वतःच्या फडक्याने टेबल पुसायची आणि पावतीपुस्तकांची पानं जुळवत बसायची. मी एकदा विचारलं, "झोप लागते का गं?" म्हणाली, "लागते. हे टेबल खरं तर मला मिळणारच नव्हतं, तरी इतकी वर्षं मिळालं. ते कोण काढून घेणार?" पण टेबल पुसताना ती आता जरा जास्त वेळ लावायची, हे मी बघत होतो.

चला, शिंप्याचा चहा पिऊन झाला असेल.

धाकटे मालक त्याच्यासमोर आले. चेहरा असा, की जणू डॉक्टर निकाल सांगणार आहे. "परत द्यायला आणलंत का?"

"काय परत द्यायला?"

"कॅलेंडर."

शिंप्याने काखेतलं कॅलेंडर घट्ट धरलं. "छे छे! आधी माझं ऐका. काल सकाळी मी बारा तारीख वाचली, लसीचं वाचलं. आज पान फाडतो तर पुन्हा बारा तारीख! आणि खाली माणूस आकाशात! बायकोला म्हटलं, अगं, आज बारा आहे. ती म्हणाली, मग काल काय होतं? म्हटलं, कालही बाराच. ती म्हणाली, तुम्हाला स्वप्न पडलं असेल. म्हटलं, मग काल जेवलो ते? ती म्हणाली, ते मी रांधलं होतं, तेवढं खरं धरा."

मामांची किटली हिंदकळली.

"तर साहेब," शिंपी स्टूल जवळ ओढत म्हणाला, "मी एवढंच विचारायला आलो, की हा जादा दिवस सगळ्यांना दिलाय की फक्त मला? कारण माझं वय झालंय. या वयात एक दिवस वर मिळाला, तो तुम्ही परत मागू नका. म्हणूनच लगोलग आलो."

धाकटे मालक डिसेंबरनंतर पहिल्यांदा हसले. पण जीव भांड्यात पडायला अजून अवकाश होता. दोन दिवस कोणी ना कोणी येत राहिलं. एका परटाने कपडे एक दिवस उशिरा पोचवले होते. तो रागावून आला आणि गिऱ्हाइकाच्या घरीही तेच कॅलेंडर असल्याने त्यालाही पत्ता लागला नव्हता, हे आठवून आपणच हसत गेला. एका आजीबाईंनी विचारलं, की पुढच्या महिन्यात पण आहे का असं?

खरी धास्ती होती औषधांच्या दुकानदाराची. त्याने आमची कॅलेंडरं गठ्ठ्याने घेऊन आपल्या गिऱ्हाइकांना भेट दिली होती. तो तिसऱ्या दिवशी आला. लाल झालेला. हातात भली मोठी पिशवी. ताई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. फडकं हातातच होतं.

"ही काय थट्टा आहे?" दुकानदार गरजला. "माझं नाव छापलंय त्यावर! मी माणूस पाठवला घरोघर, म्हटलं सगळी गोळा करून आण, तोंडावर मारतो छापखान्याच्या!"

धाकटे मालक हळूच म्हणाले, "मग? आणली?"

दुकानदाराने पिशवी मालकांच्या टेबलावर उलटी केली. आतून एक छत्री आणि जेवणाचा डबा पडला. बाकी काही नाही.

"एकानेही दिलं नाही!" तो म्हणाला आणि आता त्याचा आवाज रडवेला झाला होता. "एकाने लसीचं पान कपाटाच्या दाराला चिकटवलंय. एका घरी दोन भाऊ भांडत होते, एक म्हणे माझी बारा तारीख लसवाली, दुसरा म्हणे माझी यानवाली. एक बाई तर माझ्याच माणसाला म्हणाली, तुमच्या मालकांचे आभार सांगा, असलं कॅलेंडर कोणी देत नाही. आता मी भांडू तरी कोणाशी?"

आमचे मामा एवढे शिस्तीचे, पण त्या दिवशी त्यांनी न सांगता त्याला चहा दिला. चहा पिता पिता दुकानदाराने पुढच्या वर्षीची मागणी नोंदवली. जाताना छत्री विसरला, ती मी पळत जाऊन दिली.

एकही कॅलेंडर परत आलं नव्हतं. धाकटे मालक उठले, मागच्या खोलीत गेले, ताईच्या समोर स्टूल ओढून बसले आणि त्या गोल फळीला बोटाने हलकेच ढकललं. फळी सावकाश फिरली. मी दाराशी होतो, सगळं ऐकत होतो, ते माझं कामच.

"बाबांनी हे टेबल केलं तेव्हा मी शाळेत होतो," ते म्हणाले. "हे इथून कुठेही जाणार नाही. मी उगाच बोललो." फिरती फळी हाताने थांबवली. "पण ताई, पुढच्या वर्षी दोनदा बारा तारीख घालता येणार नाही. लोकांना एकदा गंमत वाटते. एकच पान, दोनच ओळी. तुम्ही म्हणाल तसं करू. लस घालायची, की तो माणूस? तुम्हीच सांगा."

मला वाटलं, ती आता लस म्हणणार आणि विषय संपणार. ताईने फडकं घडी करून बाजूला ठेवलं, मालकांकडे बघितलं आणि अगदी मनापासून हसली.

"दोघांनाही एकेक ओळ द्या, मालक. फक्त लस वर घाला आणि यान तिच्या खाली. तो माणूस एवढ्या उंच यानात बसायला गेला, तो आपल्या दोन पायांनी जिना चढूनच गेला असेल ना?"